जाम म्हणजे पेरू

पुण्यातल्या कॉलेजात माझा पहिलाच आठवडा होता. अन्नतंत्रज्ञानाचा वर्ग, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. फळप्रक्रिया शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "घरचा जाम कुणी कुणी खाल्लाय?" हात वर करणारी मी एकटीच होते. मॅडमना कौतुक वाटलं. म्हणाल्या, "अरे वा! कसा असतो, सांग सगळ्यांना."

मी उभी राहिले आणि शाळेतली सवय म्हणून हात मागे बांधून सांगितलं, "हिरवा असतो. पिकला की पिवळा होतो. आतून कुठला पांढरा, कुठला लाल. तिखट-मीठ लावून छान लागतो, पण बिया दातात अडकतात."

वर्गात हसू फुटलं ते थांबेना. माझं काय चुकलं ते मला कळेना. मॅडमनी विचारलं, "कुठली गं तू?"

"जसोंडी. बऱ्हाणपूरजवळ. मध्य प्रदेश."

"तुमच्याकडे पेरूला जाम म्हणतात का?"

"हो मॅडम. तुमच्याकडे काय म्हणतात?"

पुन्हा हशा. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर 'पेक्टिन' हा शब्द लिहिला आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हिचं काहीही चुकलेलं नाही. पेरूत पेक्टिन भरपूर असतं. ते हिच्या जामात असतं म्हणून आपला जाम जमतो. लक्षात ठेवा."

मी ते लक्षात ठेवलं. एका वाक्यात त्यांनी मला वर्गात बसायला जागा करून दिली, असं मला आजही वाटतं. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि आता सगळी पुस्तकं इंग्रजी, अशा अवस्थेत मी तिथे पोचले होते. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. पदवी घेतली ती मी पहिली, आणि पदवीनंतर गाव सोडून पुण्याला गेले तीही मीच.

पेक्टिन म्हणजे काय, हे मला त्या तासाला कळलं आणि ते इतकं ओळखीचं निघालं की मी वर्गात एकटीच हसत होते. वनस्पतीच्या पेशी विटांसारख्या एकमेकींना लागून असतात. विटांच्या मध्ये गारा भरतो, तसं पेशींच्या मध्ये पेक्टिन असतं. कच्चं फळ कडक असतं ते बऱ्याच अंशी या गाऱ्यामुळे. फळ पिकतं तसा हा गारा सुटत जातो, म्हणून ते मऊ पडतं. कच्चं-अर्धं फळ पाण्यात उकळलं की पेक्टिन पाण्यात उतरतं. त्यात साखर आणि आंबट पडलं की ते पाण्याला धरून ठेवतं आणि सगळं घट्ट बसतं. हे मी स्वयंपाकघरात शंभरदा पाहिलं होतं. कवठाचा गर शिजवला की डावाला कसा चिकटतो, आवळ्याचा मुरंबा दुसऱ्या दिवशी कसा दाटतो, हे मला माहीत होतं. त्याला नाव आहे, हे माहीत नव्हतं.

पुण्यातली मुलं दही 'लागलं' म्हणत. आमच्याकडे दही 'जमतं'. हिंदीच्या शेजारी राहिल्याचा तो परिणाम. त्यामुळे आई दर रविवारी फोनवर विचारायची, "जमून राहिलं का व तुले?" तेव्हा मला नेहमी वाटायचं, ही माझ्या अभ्यासाचं विचारते आहे की दह्याचं? मी म्हणायचे, "जमतंय आई. हळूहळू."

आता घरातली माणसं सांगते. बाबा कागदाच्या कारखान्यात नोकरीला. रोज बऱ्हाणपूर स्टेशनवर गाडी धरायची, चांदनी स्टेशन मागे टाकायचं आणि कारखान्यात उतरायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं. शेती बाबांचे थोरले भाऊ पाहायचे. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो. केळीची बाग त्यांची, घराचा निर्णयही त्यांचा. माणूस वाईट नाही, उलट आमच्या आजारपणात सगळ्यांत आधी धावणारे तेच. पण त्यांना प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसावी लागते. आई त्यांच्यापुढे डोक्यावरून पदर घ्यायची आणि त्यांच्याशी थेट बोलायची नाही. आमच्या भागात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी रीत आहे. मोठे बाबा समोर बसलेले असले तरी आई आमच्याकडे बघून म्हणायची, "मोठ्या बाबांना सांग, चहा ठेवला." आणि मोठे बाबा आमच्याकडे बघून म्हणायचे, "आईला सांग, साखर कमी." दोघांच्या मध्ये चार-पाच हातांचं अंतर असायचं. आम्ही दोघी बहिणी लहानपणापासून टपालाचं काम करत आलो.

मला पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा हे टपाल फार जोरात चाललं होतं. मोठे बाबा म्हणाले होते, "आईला सांग, सैपाक शिकायले पोरीले पुण्याले पाठवतात का? आमच्या मायनं कोणत्या कॉलेजात शिकून आंब्याचं लोणचं घातलं?" आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मोठ्या बाबांना सांग, लोणचं नाही, शास्त्र शिकून राहिली." बाबा मध्ये पडले आणि मी गेले. पण मोठ्या बाबांनी एक अट मात्र सगळ्यांदेखत सांगून ठेवली. धाकटीचं पुढचं शिक्षण, थोरलीच्या शिक्षणाचा घराला काय उपयोग झाला ते पाहून ठरेल.

धाकटीला औषधनिर्माण शास्त्राला जायचं होतं. इंदूरला. तिचं हे वेड कुठून आलं तेही सांगते. लहानपणी तिला हगवण फार व्हायची. आई तिला मीठ-साखरेचं पाणी पाजायची आणि कच्चं केळं सालासकट उकडून, सोलून, कुस्करून, मीठ आणि दही घालून भरवायची. एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी आधी, ते थांबवू नका. पण केळं चांगलं करता, चालू ठेवा." धाकटी जरा मोठी झाल्यावर तिने विचारायला सुरुवात केली. केळ्याने कसं थांबतं? केळं काय करतं आत जाऊन? याचं उत्तर घरात कुणाकडे नव्हतं. तिला ते शोधायचं होतं. कच्च्या केळ्यातलं पेक्टिन आणि न पचणारा स्टार्च आतड्यात जाऊन काय करतात, हे पुढे मी तिला पुण्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, "दीदी, मग बेलाच्या मुरब्ब्यात पण हेच असणार ना?" बेलफळातही पेक्टिन असतं. तिने ते स्वतःच ओळखलं होतं. या मुलीला घरी बसवणं मला शक्यच नव्हतं.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्याच्या सुट्टीत संधी आली. आई आणि गल्लीतल्या बायकांचा एक बचत गट होता. आमच्या केळीच्या भागात घड उतरवले की चांगल्या फण्या ट्रकमध्ये जातात. आखूड, जुळ्या, डाग पडलेल्या फण्या मागे राहतात आणि गुरांपुढे पडतात. त्या केळ्यांचं काही करावं, असं बायकांच्या मनात होतं. बऱ्हाणपुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन मॅडम कुणाच्या तरी ओळखीने आईला म्हणाल्या, "केळ्याचा जाम करून द्या. चांगला जमला तर मुलींच्या नाश्त्याला दर महिन्याला घेऊ. मी रविवारी येऊन बघते."

आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "माझी पोरगी करते."

मोठ्या बाबांच्या कानावर हे आलं. त्यांनी धाकटीला बोलावून टपाल दिलं, "आईला सांग, बरं झालं. रविवारी पाहू, दोन वर्षं पुण्याले काय शिकली. मग तुझ्या इंदूरचं बोलू."

म्हणजे आता सगळं एका बरणीवर येऊन थांबलं होतं. जाम जमला तर धाकटी इंदूरला जाणार होती.

पहिल्या खेपेला मी पिकलेली केळी कुस्करून साखर घालून शिजवली. गरम असताना दाट दिसलं. थंड झाल्यावर तपकिरी लगदा आणि भोवती पाणी. पिकलेल्या केळ्यातला गारा सुटलेला असतो आणि आंबटपणा तर नसतोच, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कॉलेजात आम्ही पेक्टिनची पांढरी पूड डब्यातून काढून टाकायचो. संत्र्या-लिंबाच्या सालींपासून, सफरचंदाच्या चोथ्यापासून कारखान्यात काढलेली ती पूड इथे कुठून आणायची? मोठे बाबा ओसरीवर बसून ते ताट बघत होते. धाकटीला म्हणाले, "विचार हिले, हे भाकरीवर लावायचं, का भाकरी यात बुडवायची?"

दुसऱ्या दिवशी मी आणि धाकटी बऱ्हाणपुरात हिंडलो. एका औषधाच्या दुकानात मी विचारलं, "पेक्टिन है क्या?"

दुकानदार म्हणाला, "पेप्सिन? गैस की तकलीफ है?"

"पेप्सिन नहीं, पेक्टिन."

"किसके लिए चाहिए?"

धाकटी म्हणाली, "केले के लिए."

दुकानदाराने आम्हा दोघींकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बेटा, डॉक्टर की पर्ची लेकर आओ."

आम्ही रस्त्यावर येऊन हसलो, पण हसून झाल्यावर धाकटीचा चेहरा उतरला. "दीदी, सच बोल. नाही जमणार ना?" मी म्हटलं, "जमेल." फोनवरून पूड मागवली असती, पण ती रविवारच्या आत येत नव्हती. किराणा दुकानातून चायना ग्रास आणून पाहिलं. त्याने जमलं खरं, पण जाम न होता वडी झाली. मोठे बाबा म्हणाले, "आता सुरी आणा." गटातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आई हसली नाही.

शुक्रवारी आईने जैनाबादला मावशीला फोन केला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तापीच्या पलीकडे राहते, कामाला वाघ आहे, पण कानाने थोडी कच्ची. आई ओरडून म्हणाली, "अव, केळ्याचा जाम करून राहिलो! उद्या ये अन् हात लाव!"

शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. मावशी उतरली आणि तिच्यामागून रिक्षावाल्याने एक गोणी ओढत आणली. गोणीचं तोंड सुटलं आणि ओसरीभर हिरवे-पिवळे कडक पेरू घरंगळले.

आई म्हणाली, "हे काय आणलं व?"

"जाम."

"जाम कायले?"

"कायले म्हणजे? तूच म्हणली ना, केळ्याचं अन् जामाचं काही करून राहिलो, हात लाव. मी म्हटलं केळं हिच्याकडं हाय, जाम माझ्याकडं. झाडाले हात लावला, तोडले अन् आणले."

"अव बाई, तो जाम नाही! बरणीतला जाम!"

"बरणीत मावले नाहीत, म्हणून गोणीत आणले."

गटातल्या बायका ओसरीवर हसून हसून लोळल्या. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अन् आणले ते आणले, पिकलेले तरी आणायचे! हे दगड कोण खाणार?"

"पिकलेले राघू ठेवतात का मले? मी आपले अर्धे-कच्चे आधीच उतरवून घेतले."

मी एक पेरू उचलला. कडक, हिरव्यावर जेमतेम पिवळी झाक आलेला, देठ अजून हिरवा. हातात घेतला आणि पुण्याच्या वर्गातलं ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं. ते हिच्या जामात असतं म्हणून आपला जाम जमतो.

जसोंडीत आता सगळीकडे केळीच आहे. आमच्या दारचा पेरू मी शाळेत असतानाच गेला. डोळ्यांपुढे केळी, मागणी केळ्याच्या जामाची, म्हणून गेले काही दिवस माझं डोकंही केळ्याच्या बाहेर गेलं नव्हतं. मावशीच्या कानामुळे पेरू चालत दारात आले. मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "काय झालं व हिले? जाम पाहून रडून राहिली."

मी पेरू चिरून, बियांसकट, बुडतील एवढ्या पाण्यात उकळायला ठेवले. मग ते पाणी फडक्यातून गाळलं. एक बाई फडकं पिळायला निघाली तर मी हात धरला. "पिळू नका काकू, गढूळ येईल. चक्का बांधतो तसं टांगून ठेवा." खाली जमला तो रस पाण्यासारखा दिसत होता. आई म्हणाली, "यानं घट्ट होईल?"

रसात पेक्टिन किती आहे ते स्पिरिटमध्ये गोठून दिसतं, म्हणून मी बाबांची स्पिरिटची बाटली मागितली. दाढी करताना कापलं तर लावायला ते ती ठेवतात. एका ग्लासात पेरूचा थंड झालेला रस चमचाभर घेतला, वर स्पिरिट ओतलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे कुणी तोंडात घालायचं नाही. जरा वेळाने धाकटीला म्हटलं, "काट्याच्या चमच्याने उचल." तिने उचललं तर ग्लासातून एक अखंड, थरथरणारा, काचेसारखा गोळा वर आला. ती ओरडली, "आई! देख!" दुसऱ्या ग्लासात तसंच पिकल्या केळ्याचं पाणी घेतलं होतं. त्यात नुसत्या बारीक चिंध्या तरंगत होत्या.

ओसरीवरून आवाज आला, "इकडे आण." धाकटीने तो काटा मोठ्या बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बोटाने गोळ्याला हळूच ढोसलं. "हे जामातून निघालं?"

"हाव," मी म्हटलं. "पेक्टिन. फळात गाऱ्यासारखं असतं."

"अन् केळ्यात?"

"कच्च्यात असतं, पिकल्यावर सुटतं."

बाबा त्या दिवशी घरीच होते. ते म्हणाले, "कारखान्यात आम्ही उलटं करतो, दादा. बांबू शिजवून शिजवून त्याले धरून ठेवणारं जे असतं ते काढून टाकतो, तेव्हा धागे मोकळे होतात अन् कागद होतो. आम्ही सोडवतो, ही बांधते." बांबूतला तो पदार्थ वेगळा असतो, पण मी बाबांना तेव्हा दुरुस्त केलं नाही. नंतर सांगितलं. त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याची आणि मी शिकले त्याची गाठ त्यांनी स्वतः मारली होती, याचा मला किती अभिमान वाटला ते त्यांना माहीत नाही.

दुपारभर ओसरीत मोठं पातेलं चुलीवर होतं. केळ्याचा गर, पेरूचा रस, साखर, लिंबं. आई ढवळत होती. तिला साखरेच्या पाकाची सवय, म्हणून मधूनमधून दोन बोटांत थेंब धरून तार पाहत होती. एकदा तिने डाव उंच धरून तिरपा केला आणि थांबली. थेंबामागून थेंब न पडता, दोन-तीन थेंब कडेला येऊन एकमेकांना मिळाले आणि एक पातळ पदर होऊन खाली सुटला.

"ही तार नाही व," आई म्हणाली. "हा तर पडदा पडून राहिला."

कॉलेजात आम्ही याला शीट टेस्ट म्हणायचो. मी म्हटलं, "आई, उतरव! झालं!" आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी पडदा म्हणूनच शिकवते. एकदा सांगितलं की त्या विसरत नाहीत.

बरण्या उकळत्या पाण्यातून काढून भरल्या. त्या संध्याकाळी मी कुणाला बरणी हलवू दिली नाही. जामाला थंड होताना धक्का लागलेला चालत नाही. मावशी दाराशी बसून राखण करत होती. येईल त्याला सांगत होती, "लांबून. माझा जाम झोपला हाय."

रविवारी सकाळी वॉर्डन मॅडम आल्या. मोठे बाबा बऱ्हाणपुरात एका लग्नाला निघाले होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. जाता जाता थांबले आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसले. धाकटी खांबाला टेकून उभी होती. बोटं इतकी घट्ट गुंफली होती की नखं पांढरी पडली होती.

मी बरणीचं झाकण काढलं. रंग गुलाबीसर तांबूस, वर तकाकी. मॅडम चमचा शोधत होत्या तेवढ्यात मोठे बाबा मला म्हणाले, "वरून तर पहिल्या खेपेलेही घट्ट वाटत होता. जमला म्हणतात, कशावरून?"

मी काही बोलण्याच्या आत आईने माझ्या हातातून बरणी घेतली. डोक्यावरचा पदर एका हाताने सावरला आणि चालत जाऊन मोठ्या बाबांच्या समोर उभी राहिली. इतकी जवळ ती कधी उभी राहिली नव्हती. उघडी बरणी तिने त्यांच्या पांढऱ्या शर्टावर धरली.

"मोठ्या बाबांना सांग," ती धाकटीला म्हणाली, "हलू नका."

आणि बरणी उलटी केली.

मावशीच्या तोंडून "अव माय!" निघालं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले. बरणीचं तोंड खाली, त्याच्याखाली लग्नाचा शर्ट. मोठे बाबा हलले नाहीत. जामही हलला नाही. आईने बरणी जराशी हलवली, तसा आतला जाम थरथरला, पण जागचा सुटला नाही. केवढा वेळ तसा गेला कोण जाणे. मग मोठ्या बाबांनी हळूच मान वर केली, बरणीच्या तोंडाकडे खालून पाहिलं आणि पहिल्यांदाच मध्ये कुणालाही न घालता आईला म्हणाले, "सरळ कर बाई. लग्नाले जायचंय."

आईने बरणी सरळ केली. आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. धाकटी तिच्या गळ्यात पडली.

वॉर्डन मॅडमनी चमचाभर चाखला, मग आणखी चमचाभर. "केळं लागतं, पण आणखी काहीतरी आहे."

मावशी म्हणाली, "जाम आहे."

"जाम तर आहेच हो. आत काय आहे?"

"आत पण जाम."

हे असं चालू राहिलं. पुढे वसतिगृहाची मागणी पक्की होऊन बरणीवर लावायची चिठ्ठी छापायची वेळ आली तेव्हाही तेच झालं. आम्ही नाव दिलं, 'केळी-जाम जाम'. मॅडमनी विचारलं, "छापताना चूक झाली का? जाम दोनदा आलाय." आई त्यांना म्हणाली, "चूक नाही मॅडम. एक झाडावरचा, एक बरणीतला." ती चिठ्ठी अजून तशीच आहे. गटाच्या बायका ती मोठ्या तोऱ्याने लावतात.

त्या रविवारी मोठे बाबा लग्नाहून परत आले ते हातात मिठाईचा डबा घेऊन. शर्ट पांढरा स्वच्छ. लग्नात त्यांनी भेटेल त्याला छातीवर हात ठेवून बरणीची गोष्ट सांगितली, असं नंतर आलेल्यांनी आम्हाला सांगितलं. घरी मात्र त्यांनी डबा ठेवला, खुर्चीत बसले आणि धाकटीला विचारलं, "इंदूरचा फारम कधी निघतो?"

ती म्हणाली, "उन्हाळ्यात."

"मग अभ्यास कर. इथं उभी कायले?"

आता मी बऱ्हाणपुरात फळप्रक्रियेचं प्रशिक्षण देते. केळीच्या सालीतूनही पेक्टिन काढता येतं, ते घरगुती पद्धतीने कितपत जमेल याच्या खटपटी चालू आहेत. माझ्या पुण्याच्या मॅडमना पहिली बरणी मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावर उलटी धरली. आम्ही दोघी हसलो.

धाकटी इंदूरला औषधनिर्माण शास्त्र शिकते. तिच्या फोनमध्ये आता पेक्टिन वेगळ्याच कपड्यांत येतं. घशासाठी चघळायच्या गोळ्यांमध्ये ते घशावर मऊ थर धरतं. जखमेवर लावायच्या काही पट्ट्यांमध्ये ते ओल धरून ठेवतं. गोळीच्या वर त्याचा लेप दिला तर औषध पोटात न सुटता पुढे मोठ्या आतड्यात जाऊन सुटावं, असेही प्रयत्न चालतात. "आणि दीदी," ती म्हणते, "ओट्स, सफरचंद, तुझा जाम, यातलं पेक्टिन कोलेस्टेरॉल थोडं खाली आणायला मदत करतं. थोडं हां. औषधाच्या जागी नाही. मोठ्या बाबांना नीट सांग, नाहीतर गोळी सोडून जाम खातील."

मी सांगितलं. मोठे बाबा म्हणाले, "आईला सांग, मग एक बरणी वर काढून ठेव." मग आईकडे बघून स्वतःच म्हणाले, "साखर कमी असलेली."

मागच्या महिन्यात धाकटीच्या वर्गात सरांनी विचारलं, पेक्टिन कशात भरपूर मिळतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "जाम में, सर."

मी फोनवर विचारलं, "मग? हसले का?"

"कायले हसतील?" ती म्हणाली. "इंदूर आहे दीदी. इथं पण पेरूले जामच म्हणतात."